सुया की प्रिझम? फेनिलइथिलअमिनचा हात लोहाच्या संकुलाने ओळखणे

प्रकरण एका नेहमीच्या प्रयोगाचं आहे. रेसमिक १-फेनिलइथिलअमिन घ्यायचं (रेसमिक म्हणजे आर आणि एस, या एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांचं, म्हणजे दोन हातांचं, समसमान मिश्रण), धन-टार्टारिक आम्लाशी त्याचा क्षार बनवायचा, मिथेनॉलमधून स्फटिक पाडायचे आणि एस हाताचं अमिन वेगळं करायचं. एम.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात हा प्रयोग सर्रास होतो, आणि कारखान्यात अमिनं वेगळी करतानाही मूळ युक्ती हीच असते. स्फटिक पडले की दोन प्रश्न येतात. हाती आलं ते आर की एस? आणि किती शुद्ध? या दोन प्रश्नांची उत्तरं काही मिलिग्रॅम नमुन्यावर, रंग आणि ध्रुवित प्रकाश वापरून कशी काढायची आणि त्यात कुठे फसायला होतं, ते इथे मांडलं आहे.

स्फटिकांचा घोळ

प्रमाण असं: ३१.२५ ग्रॅम धन-टार्टारिक आम्ल (०.२०८ मोल, आर,आर रूप) ४५० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये जवळजवळ उकळीपर्यंत तापवून विरघळवायचं आणि त्यात २५ ग्रॅम अमिन (०.२०६ मोल) थोडं थोडं घालायचं. घाईने ओतलं तर फेसाळून बाहेर येतं. मग हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं आणि २४ तास हलवायचं नाही. एस-अमिनचा टार्टरेट क्षार मिथेनॉलमध्ये कमी विरघळतो, म्हणून तो आधी खाली बसतो. आर-अमिनचा बराचसा भाग मदर लिकरमध्ये, म्हणजे स्फटिक पडल्यावर उरलेल्या द्रावात, राहतो.

गंमत अशी की हा क्षार दोन आकारांत पडू शकतो. जाड, ठसठशीत प्रिझम पडले तर माल चांगला. केसासारख्या बारीक सुया पडल्या तर त्यात आर-अमिनही बऱ्यापैकी अडकलेलं असतं. सुया दिसल्या की द्राव पुन्हा तापवायचा, बहुतेक सुया विरघळेपर्यंत, आणि आणखी सावकाश थंड करायचा. हाताशी प्रिझम असतील तर त्यातला एखादा बीज म्हणून टाकायचा. पण प्रत्यक्षात बाटलीच्या तळाशी अनेकदा दोन्ही दिसतात. मग डोळ्यांनी काय ठरवणार?

रूढ उत्तर पोलरिमीटर, म्हणजे नमुना ध्रुवित प्रकाशाची पातळी किती अंश फिरवतो ते मोजणारं यंत्र. शुद्ध एस-अमिनचं विशिष्ट घूर्णन, द्रावक न घालता, सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात उणे ४० अंशांच्या जवळपास येतं. त्यासाठी नळी भरेल एवढं शुद्ध अमिन लागतं, म्हणजे क्षारातून ते मोकळं करून, ईथरमध्ये काढून, सुकवून, ऊर्ध्वपातन करायचं. त्यात थोडं ईथर राहिलं तरी आकडा खाली येतो, आणि ईथर राहिलं की आर राहिलं हे पोलरिमीटर सांगत नाही. दोन वेगळ्या कारणांनी एकच आकडा घसरतो. या पद्धतीची खरी अडचण हीच आहे आणि पुढे जे करायचं आहे ते ती सोडवण्यासाठीच.

संवेदक काय करतो

उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाचं शोषण कायरल (उजवा किंवा डावा हात असलेला) रेणू किंचित वेगवेगळं करतो. हा फरक मोजणं म्हणजे सीडी, वर्तुळाकार द्विवर्णता. पण १-फेनिलइथिलअमिनकडे दाखवण्यासारखं फारसं काही नाही. बेंझिन वलयाचा २५७ नॅनोमीटरजवळचा पट्टा अगदी क्षीण आहे, आणि २०० च्या आसपासचे तीव्र पट्टे द्रावक, अशुद्धी आणि टार्टरेटच्या गर्दीत हरवतात. म्हणून अमिनला एका रंगीत चौकटीत बसवायचं, म्हणजे त्याची ओळख दृश्य प्रकाशात उमटते. तिथे ना मिथेनॉल शोषण करतं ना टार्टरेट.

ही चौकट म्हणजेच आपला संवेदक, आणि ती अशी: पिरिडिन-२-कार्बाल्डिहाइड आणि अमिन मिळून इमीन बनतं. या इमीनकडे लोहाला पकडायला दोन नायट्रोजन असतात, एक वलयातला आणि एक इमीनचा. असे तीन इमीन एका लोह(२) आयनाभोवती बसले की अष्टफलकीय संकुल तयार होतं. त्याचा रंग गडद जांभळा, शोषणाचा पट्टा ५५० ते ६०० नॅनोमीटरच्या दरम्यान. हा पट्टा लोहाकडून इमीनकडे इलेक्ट्रॉन सरकण्याचा, त्यामुळे तो तीव्र असतो.

तीन द्विदंती बंधक (म्हणजे दोन-दोन नायट्रोजनांनी धातूला धरणारे इमीन) धातूभोवती पंख्याच्या पात्यांसारखे पिळ घेऊन बसतात. पिळ उजवा असेल तर डेल्टा, डावा असेल तर लॅम्डा. अमिन अकायरल किंवा रेसमिक असेल तर दोन्ही पिळ समसमान आणि सीडी शून्य. अमिन एकाच हाताचं असेल तर एक पिळ दुसऱ्यापेक्षा सोयीचा ठरतो. फेनिलइथिलअमिनच्या बाबतीत एका बंधकाचं फेनिल वलय शेजारच्या बंधकाच्या पिरिडिनवर जवळून टेकतं, आणि तिन्ही बंधक एकाच तोंडाने लागलेली मांडणी पसंत केली जाते. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात पीटर स्कॉट यांच्या गटाने याच रचनेवर बरंच काम केलं. मोजमापाची पद्धत म्हणून लोह(२) आणि इमीनची जुळणी टेक्सास विद्यापीठातल्या एरिक अँस्लिन यांच्या गटाने पिसातल्या सहकाऱ्यांबरोबर २०१२ मध्ये मांडली. त्यांनी पिरिडिन वलयावर हायड्रॉक्सिल असलेलं अल्डिहाइड वापरलं. इथे साधं, सहज मिळणारं अल्डिहाइड घेतलं आहे.

आता एकाच नमुन्यातून दोन आकडे मिळतात. जांभळ्या पट्ट्याचं साधं शोषण सांगतं की एकूण अमिन किती जुळलं, हात कुठलाही असो. त्याच पट्ट्याची सीडी सांगते की दोन हातांमध्ये तफावत किती. पोलरिमीटरच्या एका आकड्यात जे मिसळून गेलं होतं ते इथे सुटं होतं.

द्रावणं आणि जुळणी

तीन साठा द्रावणं लागतात, तिन्ही कोरड्या असिटोनायट्राइलमध्ये.

लोहाचं: फेरस टेट्राफ्लुओरोबोरेट हेक्साहायड्रेट, ३३.८ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे १० मिलिमोलर. जुन्या कृतींत फेरस परक्लोरेट आढळतं. सेंद्रिय पदार्थांबरोबर परक्लोरेट सुकलं तर स्फोट होऊ शकतो, आणि त्यातून इथे जास्तीचं काही मिळत नाही. ते टाळावं. हे द्रावण रोज ताजं करावं. हवेने ते पिवळसर होऊ लागलं की लोह(२) चं लोह(३) होत आहे असं समजायचं आणि फेकून द्यायचं.

अल्डिहाइडचं: ३५.३ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, ३३ मिलिमोलर. जुन्या बाटलीतलं पिरिडिन-२-कार्बाल्डिहाइड तपकिरी झालेलं असतं. त्यात हवेने बनलेलं पिकोलिनिक आम्ल असतं, आणि पिकोलिनिक आम्ल स्वतःच लोहाला धरतं. तपकिरी माल कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करूनच वापरावा.

अमिनचं: आर आणि एस दोन्ही ज्ञात शुद्धतेचे संदर्भ नमुने, प्रत्येकी ३६.४ मिलिग्रॅम १० मिलिलिटरमध्ये, ३० मिलिमोलर. बाटलीच्या तोंडाशी पांढरी खपली दिसली तर ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे बनलेला कार्बामेट क्षार आहे. ती खपली वजनात आली की तोललेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

जुळणी १ मिलिलिटरची. ७०० मायक्रोलिटर असिटोनायट्राइल, त्यात १०० मायक्रोलिटर अमिन आणि १०० मायक्रोलिटर अल्डिहाइड. अर्धा तास थांबून १०० मायक्रोलिटर लोह. अंतिम मात्रा: अमिन ३ मिलिमोलर, अल्डिहाइड ३.३, लोह १. लोह पडताक्षणीच जांभळा रंग चढतो, आणि इथेच पहिली फसगत होते. रंग आला म्हणजे समतोल आला असं नाही. कमी-स्पिन लोह(२) आपले बंधक सहज सोडत नाही. आधी घाईने जुळलेली संकुलं सैल होऊन सोयीच्या पिळाकडे वळायला वेळ लागतो, आणि तेवढ्या काळात शोषण स्थिर दिसत असलं तरी सीडी चढतच असते. एक संदर्भ नमुना घेऊन अर्धा तास, एक, दोन, चार तास आणि दुसऱ्या दिवशी अशी सीडी मोजावी. ती ज्या वेळेनंतर बदलत नाही ती वेळ सगळ्या नमुन्यांना लावावी. ५० अंशांवर झाकणबंद ठेवलं तर हे लवकर होतं.

अमिन अल्डिहाइडपेक्षा जास्त होऊ देऊ नये. मोकळं अमिन आम्लारीधर्मी असतं, त्याने लोहाचं हायड्रॉक्साइड सुटतं आणि द्रावण गढूळ होतं. थोडं कमी पडलं तर चालतं, कारण तीन बंधकांचं संकुल एक किंवा दोन बंधकांच्या संकुलांपेक्षा बरंच स्थिर आहे आणि उरलेलं लोह जवळजवळ बिनरंगी राहतं.

क्षारातून अमिन काढणे

संवेदकाला क्षार तसाच देता येत नाही. टार्टरेट लोहाला धरतं, आणि ते स्वतः कायरल आहे. ही या प्रकरणातली सगळ्यात वाईट अशुद्धी, कारण ती रंगही खाते आणि खोटी सीडीही देऊ शकते.

२७.१ मिलिग्रॅम क्षार (१०० मायक्रोमोल) छोट्या कुपीत घ्यायचा. त्यावर मिठाने संपृक्त केलेलं २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा मिलिलिटर. लागतं त्याच्या पाचपट आहे, पण कमी पडण्यापेक्षा बरं. १ मिलिलिटर मिथाइल टर्ट-ब्यूटाइल ईथर घालून दोन मिनिटं हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे आणि वरचा थर दुसऱ्या कुपीत निर्जल पोटॅशियम कार्बोनेटवर सुकवायचा. कॅल्शियम क्लोराइड वापरू नये, ते अमिनला धरून ठेवतं. सुकलेला ईथर थर कापसाच्या बोळ्यातून गाळून ३०० मायक्रोलिटर घ्यायचा आणि असिटोनायट्राइलने १ मिलिलिटर करायचा. हे झालं नमुन्याचं साधारण ३० मिलिमोलर अमिन द्रावण.

ईथर उडवून अमिन आटवायच्या भानगडीत पडू नये, त्यात अमिनही थोडं उडून जातं. शिवाय गरजही नाही. हे अमिन पाण्यातही थोडं विरघळतं, म्हणून सगळं ईथरमध्ये येत नाही. पण पाणी आणि ईथर दोघांनाही आर-एस कळत नाही, दोन्ही हात सारख्याच प्रमाणात मागे राहतात. एकूण मात्रा कमी होते, गुणोत्तर बिघडत नाही. कमी झालेली मात्रा शोषणात दिसेलच. संदर्भ द्रावणांतही तेवढंच ईथर घालावं, म्हणजे द्रावक सारखा राहील.

मदर लिकरचा नमुना घेताना त्याचा एक मोजलेला भाग पूर्ण आटवून, उरलेल्या घट्ट पदार्थातून असंच अमिन काढायचं. आटवताना बाजूला काही स्फटिक पडले म्हणून ते गाळून टाकले तर गुणोत्तर बदललं. स्फटिकांचा नमुना घेण्यापूर्वी ते अगदी थोड्या थंडगार मिथेनॉलने धुवावेत. सुयांच्या गठ्ठ्यात मदर लिकर स्पंजसारखं साठतं, आणि ते आर-समृद्ध असतं. कधी कधी सुयांची बदनामी होते ती न धुतल्यामुळे.

काम संपल्यावर क्युव्हेट (मोजणीसाठी द्रावण भरायची पारदर्शक कुपी) असिटोनने धुवायची सवय इथे नडते. असिटोनचा मागमूस राहिला तर तो मोकळ्या अमिनशी स्वतःच इमीन बनवतो. असिटोनायट्राइल, मग मिथेनॉल, मग नायट्रोजनचा झोत, एवढं पुरतं.

मोजणी

१ मिलिमीटरची क्युव्हेट वापरली तर द्रावण पातळ करावं लागत नाही. पातळ केलं की समतोल सरकण्याची भीती, म्हणून हे बरं. शोषण ०.६ ते १ च्या दरम्यान आलं पाहिजे. त्यापेक्षा फार जास्त असेल तर प्रकाश पोचत नाही, डिटेक्टरचा व्होल्टेज चढतो आणि सीडीचा आलेख दातेरी होतो. ४०० ते ७५० नॅनोमीटर, पट्टीरुंदी २ नॅनोमीटर, २५ अंश तापमान, तीन फेऱ्यांची सरासरी. क्युव्हेट दर वेळी त्याच बाजूने बसवायची, कारण काचेतल्या ताणामुळेही थोडी सीडी दिसते. कोरा नमुना म्हणून अल्डिहाइड आणि लोह घातलेलं, अमिन नसलेलं द्रावण.

७५० नॅनोमीटरला शोषण जवळजवळ शून्य हवं. तिथे आकडा उचलला गेला असेल तर तो रंग नाही, गढूळपणा आहे, म्हणजे आम्लारीचा थेंब आत आला आणि लोह निसटलं. तो नमुना टाकून द्यावा. गाळून वाचवायचा प्रयत्न केला तर शोषणाचा आकडा सुधारतो, पण लोहाचं प्रमाण बिघडलेलंच राहतं.

या पट्ट्याच्या आत सीडीला उलट चिन्हांचे दोन भाग असू शकतात. मोजायची तरंगलांबी शिखरावर निवडावी, शून्य ओलांडण्याच्या जागेजवळ कधीच नाही. तिथे दोन नॅनोमीटरच्या सरकण्याने चिन्हच बदलतं आणि आर चा एस होतो.

सरळ रेष का चालत नाही

आर आणि एस संदर्भ द्रावणं मिसळून वेगवेगळ्या ईईचे नमुने करायचे. ईई म्हणजे जास्त असलेल्या हाताची टक्केवारी वजा कमी असलेल्या हाताची. उणे १००, उणे ६०, उणे २०, ०, २०, ६०, १०० पुरेत. मग सीडी विरुद्ध ईई आलेख. बहुतेकांची अपेक्षा सरळ रेषेची असते, आणि इथे वाक येतो.

कारण एका लोहाभोवती तीन जागा आहेत. नमुन्यात दोन्ही हात असतील तर एस-एस-एस आणि आर-आर-आर सोबत एस-एस-आर आणि एस-आर-आर अशी मिश्र संकुलंही बनतात. बंधक निव्वळ योगायोगाने बसतात असं धरलं आणि मिश्र संकुलाची सीडी शुद्ध संकुलाच्या क पट मानली, तर थोड्या बीजगणितानंतर हे मिळतं:

सापेक्ष सीडी = ई × [१ + ब × (१ − ई²)], जिथे ब = (३क − १) ÷ ४

ई हा ईईचा दशांश. क बरोबर एक तृतीयांश असेल तरच ब शून्य होतो आणि रेष सरळ येते. मिश्र संकुलं अजिबात सीडी देत नसतील, म्हणजे क शून्य, तर ब = −०.२५. तेव्हा ६० टक्के ईईचा नमुना ०.६ × ०.८४ = ०.५०४ एवढीच सीडी देतो. सरळ रेषेवर वाचणारा त्याला ५० म्हणेल. उलट, समान हाताचे बंधक एकमेकांना शोधून एकत्र बसत असतील तर मिश्र संकुलं कमी होतात आणि आलेख सरळ होत जातो. आपल्या द्रावकात, आपल्या तापमानाला ब किती ते आपल्याच संदर्भ बिंदूंवरून काढायचं, दुसऱ्याचं उसनं घ्यायचं नाही.

ब ऋण असण्यात एक फायदाही आहे. वक्र दोन्ही टोकांना तीव्र होतो. −०.२५ ला १०० टक्क्यांजवळ उतार १.५, मधोमध ०.७५. म्हणजे शुद्धतेच्या टोकाशी, जिथे बारकाईची गरज असते, तिथे संवेदक जास्त बोलका आहे.

वक्र शून्याभोवती सममित असलाच पाहिजे. रेसमिक नमुन्याची सीडी शून्य आली नाही तर पुढे जाऊ नये. त्यासाठी एक नियंत्रण नमुना न चुकता करावा: रेसमिक अमिन आणि धन-टार्टारिक आम्ल, स्फटिक पडू न देता, त्याच कृतीने आम्लारीतून ईथरमध्ये काढलेलं. त्यात सीडी दिसली तर ती टार्टरेटची, अमिनची नाही. ईथर थर घेताना खालच्या थराचा एखादा थेंब सोबत ओढला गेलेला असतो, बहुतेक वेळा कारण एवढंच.

आकड्यांनी एक उदाहरण

पुढचे आकडे गणित समजावं म्हणून घेतलेले आहेत, चिन्हही सोयीसाठी एस ला धन मानलं आहे. ब = −०.२५ धरू.

शुद्ध एस संदर्भ: सीडी ३०.० मिलिडिग्री, शोषण ०.८०, भागाकार ३७.५.

प्रिझमचा नमुना: सीडी २५.१, शोषण ०.७१. नुसती सीडी पाहिली तर २५.१ ÷ ३० = ०.८३७, आणि वक्रावरून ईई सुमारे ८८.५ टक्के. निराशाजनक. पण शोषण सांगतं की या नमुन्यात अमिनच कमी आलं आहे. २५.१ ÷ ०.७१ = ३५.४, तो भागिले ३७.५ म्हणजे ०.९४३, आणि वक्रावर ईई ९६ टक्के. सात-आठ टक्क्यांचा हा फरक ईथर थरात कमी उतरलेल्या अमिनचा होता. हाताचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

सुयांचा नमुना: सीडी १७.६, शोषण ०.७९. सापेक्ष ०.५९४, ईई सुमारे ६८.५ टक्के. इथे शोषण संदर्भाइतकंच आहे, म्हणजे घसरण खरी आहे. या सुया पुन्हा विरघळवून प्रिझमच्या बीजावर पाडायच्या.

प्रिझम ज्या बाटलीत पडले तिचं मदर लिकर: सीडी −११.२, शोषण ०.७६. सापेक्ष −०.३९३, ईई उणे ४८.६, म्हणजे आर जास्त.

सीडी यंत्र मिलिडिग्री देतं, शोषणमापी शुद्ध संख्या. दोन्ही एकाच परिमाणात हवे असतील तर मिलिडिग्रीला ३२,९८० ने भागायचं, की डाव्या-उजव्या शोषणातला फरक मिळतो. संदर्भाशी तुलना करताना हा आकडा दोन्हीकडे कटतो, त्यामुळे नाही भागलं तरी चालतं.

आर की एस: चिन्हावर किती विश्वास

इथे मत ठाम हवं. सीडीचं चिन्ह स्वतःहून आर किंवा एस सांगत नाही. ते सांगतं की संकुलाचा पिळ कुठल्या बाजूचा. अमिनच्या हातापासून पिळापर्यंतचा दुवा कोणीतरी जोडून द्यावा लागतो. या प्रकरणात तो ज्ञात हाताच्या संदर्भ नमुन्याने जोडला, आणि तेवढाच भक्कम मार्ग आहे. नमुन्याच्या सीडीचं चिन्ह एस संदर्भासारखं, वक्राचा आकारही तसाच, म्हणून एस.

संदर्भ नसेल आणि फेनिलइथिलअमिनवरून दुसऱ्या एखाद्या अमिनचा हात ठरवायचा असेल तर दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, पिळाची पसंती फेनिल वलयाच्या टेकण्यावर अवलंबून आहे. वलयाच्या जागी साखळी आली की पसंती कमी होईल किंवा फिरेल. दोन, आर आणि एस ही नावं अणुक्रमांकांच्या प्राधान्याने ठरतात. एल-अलानिन एस आहे आणि अवकाशात तशीच मांडणी असलेलं एल-सिस्टिन आर, कारण गंधक प्राधान्यक्रम बदलतं. चिन्ह सारखं आलं म्हणून नाव सारखं असेलच असं नाही. आधी अवकाशातली मांडणी काढायची, नाव शेवटी लावायचं.

संदर्भ नमुन्याचा हात तरी कोणी ठरवला, असा प्रश्न पडतो. धागा ओढत गेलं तर तो याच बाटलीतल्या टार्टारिक आम्लापाशी पोचतो. १९५१ मध्ये नेदरलँड्समध्ये बाइफूट, पेर्डेमान आणि फान बोमेल यांनी सोडियम रुबिडियम टार्टरेटच्या स्फटिकावर क्ष-किरणांच्या असंगत विकिरणाने टार्टारिक आम्लाची खरी अवकाशीय मांडणी पहिल्यांदा सिद्ध केली. तोवर एमिल फिशर यांनी एकोणिसाव्या शतकात अंदाजाने निवडलेली बाजू चालत होती, आणि ती सुदैवाने बरोबर निघाली. एखाद्या नव्या अमिनचा संदर्भ मिळत नसेल तर आजही हाच मार्ग खुला आहे: ज्ञात हाताच्या टार्टारिक आम्लाशी क्षार करायचा, एक चांगला प्रिझम निवडायचा आणि क्ष-किरणांखाली धरायचा. टार्टरेटचा हात माहीत आहे, म्हणून त्याच स्फटिकातल्या अमिनचा हात त्याच्या सापेक्ष वाचता येतो.

ताळा

या पद्धतीवरचा सगळ्यात स्वस्त ताळा वजनकाट्यावर आहे. सुरुवातीचं अमिन रेसमिक होतं, म्हणून स्फटिकांत गेलेला एस चा अतिरेक आणि मदर लिकरमधला आर चा अतिरेक सारखे असले पाहिजेत. स्फटिकांत एकूण अमिनचा फ हिस्सा असेल तर फ × ०.९६१५ = (१ − फ) × ०.४८६, म्हणजे फ = ०.३३६. एकूण क्षार ०.२०६ मोल गुणिले २७१.३, म्हणजे ५५.९ ग्रॅम. त्याचे ३३.६ टक्के म्हणजे सुमारे १८.८ ग्रॅम. सुकवलेले प्रिझम काट्यावर याच्या आसपास आले तर दोन्ही ईई एकमेकांना दुजोरा देतात. २३ ग्रॅम आले तर तीन शक्यता पाहायच्या: स्फटिक नीट सुकले नाहीत, मदर लिकरचा नमुना पूर्ण आटवलेला नव्हता, किंवा सीडी समतोलाच्या आधीच वाचली. पहिली शक्यता तासाभरात तपासता येते, निर्वात डेसिकेटरमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवून.

ही पद्धत दोन-चार टक्क्यांपर्यंत ईई सांगते. स्फटिकीकरणाच्या कोणत्या फेरीला थांबायचं, सुया पुन्हा पाडायच्या की नाही, आर कुठे गेलं, हे ठरवायला तेवढं पुरतं. ९९ की ९९.५ हा प्रश्न असेल तर अमिनचं ट्रायफ्लुओरोअसिटाइल रूप करून कायरल स्तंभावर गॅस क्रोमॅटोग्राफी करावी. तिथे दोन हातांची शिखरं वेगळी पडतात आणि अर्ध्या टक्क्याचा आर नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. नमुने शेकड्याने असतील, उदाहरणार्थ उत्प्रेरकांची चाळणी चालू असेल, तर क्रम उलटा करावा: आधी सगळे संवेदकातून, आणि वरचे पाच-सात तेवढे स्तंभावर.

सुयांचा गठ्ठा मात्र टाकून देऊ नये. ६८.५ ईई म्हणजे त्यात एस-अमिन ८४ टक्क्यांहून जास्त आहे. प्रति ग्रॅम सुमारे ८ मिलिलिटर उकळत्या मिथेनॉलपासून सुरुवात करायची, विरघळायला लागेल तसं थोडं थोडं वाढवायचं, प्रिझमचा एक दाणा टाकायचा आणि रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवायचं.